एसईओ, ॲड्स की नकाशा: गोव्यातल्या छोट्या धंद्याने पैसे कुठे घालावेत?

वेबसाइट तयार झाली की ती करून देणाऱ्याचा फोन येतोच: "साहेब, आता एसईओचं पॅकेजही घेऊन टाका." एसईओ म्हणजे गुगलसारख्या शोधात साइट वर दिसावी म्हणून केलेलं काम. कोटेशनात एकाच ओळीत कीवर्ड, बॅकलिंक, गुगल बिझनेस आणि ॲड्स कोंबलेले असतात आणि शेवटी महिन्याची एकच रक्कम. खरं तर हे तीन निराळे व्यवहार आहेत. ऑरगॅनिक म्हणजे जाहिरातीचे पैसे न भरता शोधनिकालात मिळणारी जागा. पेड म्हणजे 'प्रायोजित' असा शिक्का असलेली जागा. लोकल म्हणजे नकाशासोबत दिसणारे आसपासचे धंदे. तेव्हा कोटेशनही तीन भागांत फोडून मागा.

यातलं आधी काय घ्यायचं, हे गिऱ्हाईक शोधताना कुठे बसलेलं आहे त्यावर ठरतं. म्हापशात एसी दुरुस्त करणारा आणि हरमलला होमस्टे चालवणारा अशी दोन उदाहरणं घेऊ. पहिल्याचं गिऱ्हाईक दत्तवाडीत घाम पुसत फोन हातात धरून आहे. दुसऱ्याचं पुण्याला ऑफिसात बसून सुट्टीचे बेत आखतंय.

एसीवाल्याने आधी नकाशाकडे बघावं. गुगल बिझनेस प्रोफाइल (2021 पर्यंत याचं नाव गुगल माय बिझनेस होतं) फुकट आहे. पॅकेजवाला याचे पैसे लावत असेल, तर ते त्याच्या मेहनतीचे, गुगलचे नव्हेत. इथला क्रम तीन गोष्टींवर ठरतो: शोधाशी जुळणी, अंतर आणि धंद्याची ओळख. अंतर विकत घेता येत नाही, म्हणून म्हापशाचं दुकान मडगावच्या शोधात वर आणून देतो म्हणणाऱ्याला हात जोडावेत. मुख्य कॅटेगरी मात्र नीट निवडावी, ती जुळणीत फार कामी येते. पाटीवर नाही ते नाव प्रोफाइलवर घालू नये. 'बेस्ट एसी रिपेअर नॉर्थ गोवा' अशी शेपटी जोडली, तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. घरूनच काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो. रिव्ह्यू जरूर मागा, पण त्याबदल्यात सूट देणं नियमाबाहेर आहे. आणि चवथीला दुकान बंद असेल तर तसं तिथे टाका. बंद शटरसमोर येऊन उभा राहिलेला माणूस चांगला रिव्ह्यू लिहीत नाही.

होमस्टेवाल्यालाही प्रोफाइल हवंच, पण त्याची खरी लढाई ऑरगॅनिकमध्ये आहे. तिथे तीन पायऱ्या असतात. क्रॉलिंग म्हणजे गुगलचा बॉट (आपोआप फिरणारा प्रोग्राम) पान वाचून जातो. इंडेक्सिंग म्हणजे त्या पानाची नोंद होते. रँकिंग म्हणजे कुठल्या शोधाला ते कितव्या जागी दिसेल. बरेच जण तिसऱ्या पायरीसाठी पैसे मोजतात आणि घोडं दुसरीवरच अडलेलं असतं. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना साइट इंडेक्स करू नका असं सांगणारा एक चौकोन असतो. साइट बनत असताना त्यावर टिक करतात आणि नंतर ती काढायची राहून जाते. आधी सर्च कन्सोल हे साइटची शोधातली स्थिती दाखवणारं गुगलचं साधन उघडून मुख्य पान इंडेक्स झालंय का ते बघा, तेही फुकट आहे.

इथेच एक नेहमीची गल्लत होते. रोबोट्स डॉट टीएक्सटी ही साइटवरची फाइल बॉटला पान वाचू नको म्हणते, पानाच्या कोडमधला नोइंडेक्स टॅग ते पान निकालात दाखवू नको म्हणतो. पान लपवायला दोन्ही एकदम लावले, तर बॉटला तो टॅग वाचताच येत नाही आणि बाहेरच्या लिंकवरून पत्ता निकालात उमटू शकतो.

कीवर्ड म्हणजे लोक शोधात टाइप करतात ते शब्द. त्यात 'गोव्यातलं हॉटेल'सारखा शोध बुकिंगच्या बड्या साइट्सना सोडून द्यावा. लांब, नेमके शोध आपले: स्वयंपाकघर असलेली खोली, मोपा विमानतळाजवळचा मुक्काम. आपण हरमल म्हणतो, पाहुणा आरंबोल टाइप करतो. मग टायटलमध्ये, म्हणजे शोधनिकालात दिसणाऱ्या पानाच्या शीर्षकात, आरंबोल हवंच. टायटल टॅग रँकिंगला उपयोगी पडतो. मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे त्याखाली दिसणारं पानाचं वर्णन, पडत नाही, पण वाचून माणूस क्लिक करतो म्हणून ते लिहायचं. मेटा कीवर्ड्सचे, म्हणजे पानाच्या कोडमध्ये घातलेल्या कीवर्डच्या यादीचे, पैसे कोणी मागितले तर विषय संपवा. वेब शोधाच्या क्रमवारीसाठी आपण ते पाहत नाही, हे गुगलने 2009 मध्येच जाहीर केलंय.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे आलेली लिंक. गोव्याच्या एखाद्या वर्तमानपत्राने आपणहून दिलेली एक लिंक ठोक भावात घेतलेल्या पाचशेंपेक्षा चांगली. रँकिंगसाठी विकत घेतलेल्या लिंका गुगलच्या धोरणात स्पॅम ठरतात. 'पहिला नंबर गॅरंटी' असं कोणी म्हटलं, तर तशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगलच सांगतं. फळ दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं, हेही त्यांचंच म्हणणं. म्हणजे ऑक्टोबरच्या हंगामाचं काम उशिरात उशिरा जूनमध्ये सुरू व्हायला हवं.

तेवढी सवड नसेल तर ॲड्स. त्या दिसायला लागतात लवकर आणि पैसे संपताच थांबतात. ॲड्स दिल्याने ऑरगॅनिक क्रम सुधारत नाही, ती अफवाच आहे. जाहिरातीची जागा लिलावाने ठरते आणि त्यात बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही मोजला जातो. समजा, जाहिरात 1000 वेळा दिसली, ही इम्प्रेशन्स. 30 जणांनी क्लिक केलं, म्हणजे सीटीआर (क्लिकचं प्रमाण) 3 टक्के. क्लिकला 20 रुपये पडले तर खर्च 600. त्यातून एक बुकिंग आलं तर ते 600 रुपयांना पडलं. एजन्सीला हा शेवटचा आकडा विचारा, इम्प्रेशन्सचे आलेख नकोत.

ॲड्समध्ये ठिकाणाचं सेटिंग स्वतः बघा. गोवा निवडलं की मूळ पर्यायात गोव्यात असलेले आणि गोव्यात रस असलेले, असे दोघेही येतात. एसीवाल्याचे पैसे मग दिल्लीच्या क्लिकवर जाऊ शकतात. त्याने फक्त तिथे असलेलेच लोक निवडावेत आणि 'नोकरी', 'कोर्स' हे निगेटिव्ह कीवर्ड घालावेत, म्हणजे ते शब्द असलेल्या शोधात जाहिरात दिसत नाही. होमस्टेवाल्याने सरळ मुंबई, पुणे, बेंगळुरू निवडावं.

माझ्या मते एसीवाल्याला प्रोफाइल, एक साधं पान आणि एप्रिल-मेमध्ये थोड्या ॲड्स पुरतात, महिन्याचं एसईओ पॅकेज नको. होमस्टेवाल्याने पावसाळ्यात पानांवर खर्च करावा आणि ॲड्स हंगामाच्या तोंडावर काही आठवडेच चालवाव्यात. काहीही घेतलं तरी प्रोफाइल, सर्च कन्सोल आणि ॲड्स ही तिन्ही खाती आपल्या ईमेलवर उघडा आणि एजन्सीला मालकी न देता फक्त कामापुरता प्रवेश द्या, म्हणजे उद्या एजन्सी बदलली तरी रिव्ह्यू आणि जुने आकडे आपल्याकडेच राहतात.