होडीवर पेन्सिल सेल भरणारं १० वॅटचं घडीचं सोलर पॅनेल
टॉर्च आणि हातातल्या जीपीएससाठी हे पॅनेल व चार खणांचा यूएसबी चार्जर पुरतो. २००० एमएएचच्या चार निकेल (पुन्हा भरता येणाऱ्या पेन्सिल) सेलना तोटा धरून साधारण १४ वॅट-तास लागतात. पॅनेल कडक उन्हातही ६-७ वॅटच देतं, म्हणजे किमान अडीच तास धरा. डोलकाठीच्या दोराची सावली पडली तरी वीज झपकन उतरते. ढग आला की चार्जर बंद पडून भरण्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजतो, भरलेले सेल नाहक तापतात. म्हणून मध्ये पॉवर बँक हवीच. चार्जर तापलेल्या पॅनेलमागे लटकवू नका, गार सावलीत ठेवा. खरी कमजोरी पॅनेलच्या यूएसबीचं तोंड: रबरी झाकण सैल आहे, खाऱ्या पाण्याने पिना हिरव्या पडतात. गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळल्यावरच वायर लावा.