वंशावळीच्या साइटचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन: आडनाव कॉमन असेल तर आधी हे वाचा

सबस्क्रिप्शन परवा संपलं आणि रिन्यू करणार नाहीये, पण अगदीच टाकाऊ आहे असंही नाही म्हणून ५ पैकी ३ स्टार देतोय. साइटचं नाव मुद्दाम घेत नाही, माझं भांडण एका कंपनीशी नाहीये. तुमचं आडनाव दुर्मिळ असेल तर तुम्हाला बहुतेक आवडेल. माझं आडनाव म्हणजे गर्दीत हाक मारली तर चार जण वळून बघतील असं आहे, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

पहिल्या दिवशी उत्साहाने खापरपणजोबांचं नाव टाकलं आणि रिझल्ट आले लाखांत!! वरती पुन्हा "मिळतीजुळती स्पेलिंग" हा पर्याय आधीपासून चालूच होता, तो बंद करता येतो हे मला दोन आठवड्यांनी कळलं. बऱ्याच साइट्सवर त्यामागे साउंडेक्स किंवा तसलीच पद्धत असते, रॉबर्ट रसेल नावाच्या माणसाने १९१८ साली पेटंट घेतलेली, उच्चारावरून आडनावाला एक अक्षर आणि तीन आकडे द्यायचे. स्मिथचा कोड एस५३०, स्मायथचा तोच, श्मिटचा तोच, इथपर्यंत ठीक, पण स्नीड आणि सँडीचाही तोच निघतो! म्हणजे आधीच कॉमन असलेल्या आडनावात अजून चार आडनावं कालवायची. ते बटण पहिल्यांदा बंद करा, आणि अगदीच काही मिळेना झालं तर चालू करा, कारण जुने कारकून स्पेलिंग खरंच मनाला येईल तसं लिहायचे.

"तुमच्या आडनावाचा इतिहास" नावाचं एक पान आहे, तिथे अर्थ, नकाशा, आणि घराण्याचं मानचिन्ह (ढालीवरचं चिन्ह, कोट ऑफ आर्म्स) छापलेला कप विकत घ्यायची सोय. हसू आलं. इंग्लंडमध्ये मानचिन्ह माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांना जातं, आडनावाला मानचिन्ह असा प्रकारच नाही. आणि मुळात कॉमन आडनाव म्हणजे एक घराणं नव्हेच ना. स्मिथ म्हणजे लोहार, लोहार गावोगाव होते, म्हणून एकमेकांशी काही संबंध नसलेली स्मिथ घराणी शेकड्याने तयार झाली, जर्मनीतले श्मिट, इटलीतले फेरारी आणि हंगेरीतले कोव्हाचसुद्धा लोहारकामावरूनच आलेले. वेल्समध्ये बापाचं नाव लावायची पद्धत होती, ती नंतर गोठली आणि जॉनची पोरं सगळी जोन्स झाली. व्हिएतनाममध्ये तर १२३२ च्या सुमारास राजघराणं बदललं तेव्हा आधीच्या ली घराण्याच्या लोकांना न्विन आडनाव घ्यायला लावलं, म्हणजे तिथे आडनावावरून रक्ताचं नातं सोडाच, उलट नातं पुसलं गेलं. कोरियात साधारण पाचातला एक किम, पण ते निदान मूळ गाव सोबत सांगतात, गिम्हे किम वेगळे आणि ग्योंगजू किम वेगळे. मला सगळ्यात शहाणपणाचं तेच वाटतं. आडनाव धरून शोधायचंच नाही, गाव धरून शोधायचं. साइट मात्र आडनावालाच चिकटून बसते.

आता हिंट्स, म्हणजे हा तुमचा नातेवाईक असू शकतो असं साइटने सुचवणं. रोज मेल, "तुमच्या झाडात ७ नवीन हिंट्स". सुरुवातीला मी येईल ती हिंट स्वीकारत सुटलो आणि दोन महिन्यांत १४० माणसांचं भरगच्च झाड तयार, घरी सगळ्यांना दाखवून झालं, कौतुकही झालं. मग एका रात्री तारखा नीट बघितल्या तर ज्यांना मी खापरपणजोबा केलं होतं ते गृहस्थ वयाच्या ६ व्या वर्षी वारले होते. ६ व्या वर्षी!! आणि हाच पोरगा अजून ३१ जणांच्या झाडात खापरपणजोबा होऊन बसलेला, एकाने चूक केली, बाकीच्यांनी कॉपी मारली, आणि एवढ्या लोकांनी मान्य केलंय म्हणून साइट तीच हिंट जोरात पुढे ढकलत होती. एक ना धड भाराभर चिंध्या. १४० मधले १०० च्या वर उडवले.

मग ३ स्टार कशाचे? नोंदींच्या मूळ पानांच्या फोटोंचे. ही सोय मेनूत इतकी आत लपवलीय की मला योगायोगाने सापडली. आडनावाचा रकाना रिकामा ठेवून फक्त गाव आणि साल निवडायचं आणि रजिस्टर एकेक पान उलटत जायचं. कंटाळवाणं काम आहे, पण तिथे दिसलं की आमच्या नावाचे एकाच वेळी तिघं होते आणि तिघंही सुतार. वेगळे कसे करायचे, तर लग्नाच्या नोंदीतले साक्षीदार बघून. एका सुताराच्या लग्नाला जो साक्षीदार होता तोच माझ्या खापरपणजोबांच्या बहिणीच्या लग्नालाही होता, आणि त्याचं आडनाव मस्त विचित्र, अख्ख्या गावात एकच. त्याला धरून पुढे गेलो आणि माणूस सापडला. इंग्रजीत या पद्धतीला फॅन क्लब म्हणतात, फ्रेंड्स, असोसिएट्स, नेबर्स यांची आद्याक्षरं, म्हणजे मित्र, सहकारी, शेजारी. आपलं आडनाव कॉमन असलं तरी शेजाऱ्याचं असेलच असं नाही, तो धागा पकडायचा. एक मात्र सांगतो, फॅमिलीसर्च नावाच्या वंशावळीच्या फुकट साइटवर असली पुष्कळ पानं फुकट बघायला मिळतात, त्यांच्या संस्थेने १९३८ पासून मायक्रोफिल्म करायला घेतलेली, तर आधी तिथे शोधा आणि मग पैसे भरा.

डीएनए किटही घेतलं होतं. सख्ख्या चुलत भावाशी साधारण १२.५ टक्के जुळतं, दोन पिढ्या अजून मागे गेलं की एक टक्क्याच्याही खाली, आणि या टेस्टला आडनावाचं काही देणंघेणं नसतं, आईकडचे बापाकडचे सगळे नातेवाईक एकत्र येतात. आडनावासाठी वाय डीएनए टेस्ट लागते, बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची, ती ही साइट विकतच नाही आणि ऑर्डर करताना हे कुठे ठळक लिहिलेलंही नाही. तसंही लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांवर केलेलं काम आहे, दुर्मिळ आडनावाच्या पुरुषांत वाय पुष्कळदा जुळतो, स्मिथसारख्यात रस्त्यावरच्या कुठल्याही दोघांइतकाच. मी नंतर दुसरीकडून करून घेतली, तिचा उपयोग झाला तो एक फांदी आपली नाहीच हे कळण्यापुरता. अर्थात तेही काही कमी नाही, दुसऱ्या सुताराच्या वंशजाशी माझा वाय जुळला नाही आणि माझे पुढचे सहा महिने वाचले.

बंद करायच्या आधी झाड जेडकॉम फाइलमध्ये (वंशावळ एका साइटवरून दुसरीकडे नेता येते असा फाइलचा प्रकार) उतरवून घ्या, फोटो त्यात येत नाहीत, ते एकेक करून सेव्ह करावे लागतात, माझे दोन रविवार त्यात गेले. कस्टमर केअरवाले बोलायला गोड, पण चुकीची हिंट बंद करा म्हटलं तर "झाडं युजर्सची आहेत सर" एवढंच. म्हणून त्या ३१ पैकी तिघांना मीच मेसेज केला की अहो हा मुलगा ६ व्या वर्षी गेलाय. दोघांनी अजून बघितलेला नाही. तिसऱ्याने विचारलंय, "नक्की का? कारण त्याला चार मुलं आहेत."