सांगलीची डीव्हीडी, न्यू जर्सीचा टीव्ही: आठ महिन्यांच्या खटपटीनंतर

आमचं लग्न २००५ साली सांगलीत झालं. शूटिंगवाल्याने दिलेल्या तीन डीव्हीडी आम्ही मोठ्या हौसेने इकडे न्यू जर्सीत, एडिसनला आणल्या आणि इथल्या प्लेअरने त्या तोंडात घेऊन तशाच परत बाहेर काढल्या. तेव्हापासून त्या कपाटात. गेल्या वर्षी सासूबाई सहा महिन्यांसाठी येणार म्हटल्यावर नवऱ्याने ‘जगातली कुठलीही डिस्क चालेल’ असं लिहिलेला, एचडीएमआयवाला प्लेअर मागवला. वर ‘१०८० अपस्केलिंग’ असंही छापलेलं, म्हणजे जुनं चित्र १०८० ओळींचं मोठं करून दाखवणार. आता आठ महिने झाले, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आधी एक घोळ मिटवते. अशी डिस्क चालली नाही की सगळे रिजन कोडला, म्हणजे डिस्कला घातलेल्या प्रदेशवार कुलपाला, शिव्या देतात. भारताचा रिजन ५ आणि अमेरिकेचा १ हे खरं, पण ती भानगड विकतच्या सिनेमांची. लग्नाच्या घरगुती डिस्कवर रिजन नसतोच. तिथे आडवं येतं ते पाल, म्हणजे भारतातली व्हिडिओची पद्धत: ५७६ ओळी, सेकंदाला २५ फ्रेम (स्थिर चित्रं). इकडचं एनटीएससी म्हणजे ४८० ओळी आणि २९.९७ फ्रेम.

प्लेअरने डिस्क घेतली, चित्र आलं, घरात टाळ्या पडल्या. पहिला आठवडा त्यातच गेला. मग डोळ्यांना खुपायला लागलं. पंगतीत वाढपी जिलबीचं ताट घेऊन सरळ चालत जातो, पण पडद्यावर तो दर पावलाला ठेचकाळतो. पंचवीसच्या तीस फ्रेम करायच्या म्हणून प्लेअर दर सेकंदाला पाचेक फ्रेम दोनदा दाखवतो, त्याचा हा प्रताप. सेटिंगमध्ये ‘पाल’ केलं तर आमच्या हॉलमधल्या जुन्या टीव्हीने सिग्नलच नाही म्हणून हात वर केले, कारण ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पन्नासदा बदलणारं पालचं चित्र, त्याला झेपत नाही. शिवाय चित्र डाव्या-उजव्या बाजूंनी ताणलेलं. सगळं वऱ्हाड चार-चार पुरणपोळ्या जास्त खाऊन आल्यासारखं! हे मात्र रिमोटवरून ४:३ केल्यावर लगेच सुटलं.

मग मी लॅपटॉप काढला. घरगुती डिस्कला कुलूप नसतं, आतलं व्हिडिओ_टीएस फोल्डर सरळ कॉपी होतं. (विकतच्या डिस्कसाठी ड्राइव्हचा रिजन बदलायचा मोह झाला तर जपून. तो पाचच वेळा बदलता येतो, मग कायमचा अडकतो.) पुढचं काम हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरवर, फुकट आहे.

माझी कसोटी एकच होती: अक्षता. ‘सावधान’ होतं, अंतरपाट खाली जातो आणि चहूबाजूंनी तांदूळ उडतात. या दोन सेकंदांत कुठल्याही व्हिडिओचं पितळ उघडं पडतं. शूटिंग इंटरलेस्ड असतं, म्हणजे एका फ्रेममध्ये पन्नासांश सेकंदाच्या अंतराने टिपलेली दोन अर्धी चित्रं कंगव्याच्या दातांसारखी एकमेकांत घातलेली असतात. माझ्या पहिल्या फाइलमध्ये प्रत्येक दाण्याला असे दात फुटले होते. दुसऱ्यांदा साधं डीइंटरलेस केलं, म्हणजे दोन अर्ध्यांचं एक चित्र केलं. दात गेले, पण २५ फ्रेमच उरल्या आणि अक्षता टप्प्याटप्प्याने पडायला लागल्या. तिसऱ्यांदा ‘बॉब’ निवडलं, ज्यात प्रत्येक अर्ध्या चित्राची वेगळी फ्रेम होते, आणि फ्रेम-रेट हाताने ५० केला. ही फाइल पेनड्राइव्हवर घालून बेडरूममधल्या नव्या टीव्हीला लावली आणि मी अक्षरशः सरसावून बसले. दाणे पडत होते, खरे पडतात तसे. वाढपीही सरळ चालायला लागला. आठ महिन्यांत खरा फरक इथेच पडला. बाकी सगळी रंगरंगोटी.

अपस्केलिंगचं तसंच. हौस म्हणून मी एक फाइल १४४० बाय १०८० केली. कुंकू नारिंगीकडे झुकलं, माझा हिरवा शालू काळवंडला. दोन संध्याकाळी घालवल्यावर कळलं की जुन्या व्हिडिओचं रंगाचं गणित ६०१ आणि एचडीचं ७०९. फाइलवर नीट खूण नसेल तर टीव्ही मोठं चित्र बघून ७०९ धरून चालतो. ते दुरुस्त केलं आणि दोन्ही फाइली पाठोपाठ लावल्या. सोफ्यावरून मला काडीचा फरक दिसला नाही. टीव्ही स्वतः मोठं करतोच की.

राहता राहिलं एआय. एका सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती घेऊन दहा मिनिटांचा तुकडा रात्रभर चालवला. शालूची जर बघण्यासारखी आली, नथीचे मोती सुटे दिसायला लागले. मंडपातली थर्माकोलची ‘शुभविवाह’ अक्षरं मात्र भलत्याच लिपीत गेली. आणि आजेसासऱ्यांच्या चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे वण होते, ते साफ पुसले गेले. सासूबाई जरा वेळ बघत राहिल्या.

“अगं, हे कोण?”

“आई, अण्णा आहेत ना.”

“छे गं, आमच्या अण्णांचं तोंड कुठे असं होतं!”

ती फाइल मी त्याच रात्री उडवली.

प्लेअर घ्यावा का? डिस्क लावायची आणि बघायची, एवढंच हवं असेल तर घ्या, सासूबाईंनी वापरून वापरून रिमोटवरची अक्षरं घालवली. पण त्याच्या ‘१०८०’साठी जास्तीचे पैसे मोजू नका. त्याऐवजी आपला टीव्ही ५० हर्ट्झ घेतो का ते आधी तपासा.

आणि डिस्क कॉपी करायला वेळ लावू नका. आम्ही लावला. अशा ‘बर्न’ केलेल्या डिस्कचा रंगाचा थर उतरत जातो, आणि डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जात असल्यामुळे शेवटचा भाग कडेला येतो, बोटं लागतात तिथेच. आमची तिसरी डिस्क शेवटच्या दहा मिनिटांवर अडली. डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कमधून डेटा काढणारं सॉफ्टवेअर दोन रात्री चालवून बरंचसं निघालं, पण गृहप्रवेशात मी माप ओलांडायला पाय उचलते आणि चित्र गोठतं. पुन्हा चालू होतं तेव्हा तांदूळ सांडलेले असतात. मूळ मिनी-डीव्ही टेप शूटिंगवाल्याकडे अजून आहे का, ते धाकट्या दिराला विचारून यायला सांगितलंय. दुकान तरी जागेवर आहे म्हणे.