निवोलुमॅबचा २० मिलिग्रॅमचा डोस: अण्णांच्या उपचारावरून

आमच्या अण्णांना गालाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, शेक (रेडिएशन) झाले, तरी तो उलटला. उभी हयात इचलकरंजीत मागावर गेली आणि तंबाखूची चंची कायम कमरेला. आता डॉक्टरांनी निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीशी लढू देणारं औषध लिहून दिलं, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम. पूर्ण डोस २४० मिलिग्रॅमचा, तोही दर दोन आठवड्यांनी. बाराव्या हिश्श्याने काय होणार, असं वहिनींनी तिथेच विचारलं. प्रश्न रास्त होता.

आपल्या टी-पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, पीडी-१ नावाचं प्रथिन असतं. ते ब्रेकसारखं दाबलं गेलं की पेशी शांत होते, नाहीतर ती आपल्याच शरीरावर उठेल. क्योटोच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेला ते १९९२ मध्ये सापडलं, २०१८ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. गाठीतल्या पेशी पीडी-एल१ नावाचं आपलं प्रथिन पुढे करून हाच ब्रेक दाबतात. निवोलुमॅब पीडी-१ वर जाऊन बसतं, मग गाठीला तो दाबता येत नाही. पीडी-१ व्यापायला औषध फार लागत नाही, आणि एकदा बसलं की कित्येक आठवडे राहतं.

याचा कस मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये लागला. डोक्या-मानेच्या (यात तोंड-गालही आले) बळावलेल्या कॅन्सरचे १५१ रुग्ण. सगळ्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिबच्या गोळ्या, निम्म्यांना शिवाय हा छोटा डोस. वर्षभरानंतर नुसत्या गोळ्यांवर १६.३ टक्के रुग्ण हयात होते, डोस मिळालेल्यांत ४३.४ टक्के. हे काम आपल्याकडच्या डॉक्टरांनी आपल्याकडच्या रुग्णांसाठी केलं, याचा मला फार अभिमान वाटतो. पण आकडा नीट वाचा: निम्म्याहून जास्त लोक तरीही वर्ष काढू शकले नाहीत. याला रामबाण म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

अण्णांना सलाईनमधून अर्ध्या तासात औषध जातं, संध्याकाळी घरी. दुखणं उतरलंय, भात कालवून खातात. थायरॉईड मात्र मंदावलं, त्याची गोळी सुरू आहे. सुटलेला ब्रेक गाठीपुरता सुटत नाही, त्याची ही किंमत.

खर्चाचं एक सांगते. लहान बाटली ४० मिलिग्रॅमची येते, म्हणजे दोघांचा डोस. आधीच्या दवाखान्यात अख्खी बाटली घ्यायला लावायचे आणि उरलेलं निम्मं औषध टाकून द्यायचे. मला ते बघवत नसे. आता जिथे जातो तिथे दोन रुग्णांना एकाच दिवशी बोलावतात, बाटलीचे पैसे निम्मे-निम्मे. तारीख ठरवण्याआधी हे विचाराच.

आणि प्रत्येक डोसआधी थायरॉईड, लिव्हर, साखर तपासून घ्या. जुलाब लागले, धाप लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका. हे औषधामुळेही असू शकतं, आणि तसं असेल तर बहुतेकदा स्टेरॉईड लागतं. त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा.