आतड्यातल्या जिवाणूंचा अहवाल: शिकारी गेला 'इतर'मध्ये

घरी नमुना घ्यायचा, पाठवायचा आणि आतड्यात कोणकोणते जिवाणू आहेत त्याचा अहवाल मागवायचा, अशी एक सेवा मी नुकतीच वापरली. सूक्ष्मजीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घेण्यात माझी बरीच वर्षं गेली. मला शोधायचा होता एकच जीव, डेलोव्हिब्रिओ. जिवाणूंनाच खाणारा जिवाणू.

किट उत्तम. झाकणालाच छोटा चमचा, नळीत डीएनए टिकवणारं द्रावण, सूचना सुटसुटीत.

अहवालाने मात्र हिरमोड केला. वर मोठा रंगीत गुणांक, खाली 'चांगले' आणि 'वाईट' अशी दोन खाती, उरलेले सगळे 'इतर'. ई. कोलाय सरसकट 'वाईट'मध्ये, जरी त्याचे बहुतेक प्रकार आतड्यात निरुपद्रवी राहतात. 'इतर'मध्ये कोण आहे असं विचारलं, तर एकच छापील उत्तर दोनदा आलं.

हा शिकारी मला का हवा, ते सांगते. 1962 साली जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हाइन्झ श्टोल्प मातीत जिवाणूभक्षक विषाणू शोधत असताना तो सापडला. बशीत वाढवलेल्या ई. कोलायच्या थरावर विषाणूंनी जिवाणू मारून पाडलेली भोकं दुसऱ्या दिवशी दिसतात आणि तिथेच थांबतात. डेलोव्हिब्रिओची तिसऱ्या दिवशी उमटतात आणि पसरतच जातात. "मॅडम, हे काल एवढं नव्हतं!" हे वाक्य मी दर वर्षी ऐकलंय. सूक्ष्मदर्शकाखाली हा स्वल्पविरामासारखा दिसणारा जीव स्वतःपेक्षा मोठ्या भक्ष्यावर जोरात आदळतो, त्याच्या दोन पटलांमधल्या जागेत शिरतो, त्याला गोल करतो आणि आतून खातो. तीन-चार तासांत पिल्लं बाहेर. भक्ष्य फक्त ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे ई. कोलायसारखे बाहेरून आणखी एक पटल असलेले जिवाणू. ते पटल नसलेल्या, दह्यातल्या लॅक्टोबॅसिलसला किंवा आपल्या पेशींना तो हात लावत नाही.

2013 मध्ये इटलीतल्या संशोधकांना तो आतड्याचे दाहक आजार आणि सीलिअॅक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांपेक्षा निरोगी लोकांत जास्त आढळला. कारण कोणतं, परिणाम कोणता हे त्यावरून ठरत नाही, पण म्हणूनच तर मोजायला हवा! असे जिवाणू फार थोडे असतील तर डीएनए वाचण्याच्या या पद्धतीतून निसटतातही. मग तसं लिहा. शिवाय अहवालातली जिवाणूंची टक्केवारी म्हणजे नुसता वाटा, संख्या नव्हे. एक गट घटला की दुसरा न वाढताच वाढलेला दिसतो. हे अहवालात कुठेही नाही, आणि त्यावरून माणसं औषधं घेतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मी डीएनए वाचनाची मूळ फाइल मागितली आहे. मिळाली की 'इतर' स्वतः उघडून बघेन. तोवर पाचपैकी दोन तारे, ते नमुना घेण्याच्या सोयीसाठी.