मॅगझिनचा गॅस गळतोय? ओ-रिंगचा डबा घेण्याआधी हे वाचा

ऑनलाइन तो ओ-रिंगचा (फटी सील करणाऱ्या गोल रबरी रिंगांचा) डबा मिळतो ना, ३२ साइज ४१९ नग, झाकणावर साइजचा तक्ता चिकटवलेला, त्याचा हा रिव्ह्यू, पण एकाच कामापुरता: गॅसवाल्या एअरसॉफ्ट (प्लास्टिकच्या छर्ऱ्यांच्या खेळातल्या) पिस्तुलाच्या मॅगझिनचं, म्हणजे छर्रे आणि गॅस भरायच्या भागाचं, लीकेज काढायला तो किती उपयोगी पडतो. नळाला आणि कूलरला कसा चालतो हे बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो, डबा घ्या, पण एकटा तो पुरणार नाही, उरलेलं काम इथे इंदूरात सियागंज बाजारातच होतं, आणि डब्याच्याही आधी सिलिकॉन ऑइलची छोटी बाटली घ्या.

ऑइल आधी का, तर बरेचदा रिंग फाटलेली नसतेच, नुसती सुकलेली असते. महिनोनमहिने रिकामं मॅगझिन कपाटात पडलेलं, वरून आपल्याकडचा एप्रिल-मे, पारा ४० च्या वर, मग रबर कडक होणारच. कुकरची रिंग कडक झाली की शिटीऐवजी बाजूने वाफ जाते, अगदी तसंच. फिल व्हॉल्व्हमध्ये (जिथून गॅस भरतो तिथे) ऑइलचे दोन-चार थेंब सोडा, थोडा गॅस भरा, रात्रभर तसंच राहू द्या आणि सकाळी बघा. इथेच काम झालं तर काही उघडायची गरज नाही. आणि घरात असतो म्हणून डब्ल्यूडी-४० मारू नका प्लीज, तो पेट्रोलियमवाला आहे, आतली सिलिकॉनची पातळ थर धुऊन टाकतो आणि काही रबरं त्याने फुगतात.

तरी गळत असेल तर गॅस भरून मॅगझिन पाण्याच्या वाटीत बुडवा, बुडबुडे कुठून येतात ते नीट बघा. खालच्या छोट्या भोकातून आले तर फिल व्हॉल्व्ह, मागच्या बटणासारख्या भागातून आले तर हॅमर (ट्रिगर ओढल्यावर आपटणारा भाग) ज्याला ठोकतो तो आउटपुट व्हॉल्व्ह, आणि तळाच्या कडेने आले तर बेसची गॅस्केट (तळ सील करणारं रबर). हे कळल्याशिवाय रिंगा बदलत बसण्यात काही अर्थ नाही. उघडण्याआधी गॅस पूर्ण सोडा, आवाज बंद होईपर्यंत, आणि गच्चीवर किंवा अंगणात. ग्रीन गॅस म्हणजे मुळात प्रोपेनच, त्यात सिलिकॉन ऑइल मिसळलेलं, आणि बहुतेक कॅनमध्ये सिलेंडरसारखा वास घातलेला नसतो, म्हणजे खोलीत साठला तरी नाकाला कळणार नाही. आसपास देवापुढची निरांजन-उदबत्तीसुद्धा नको. बोटांवर लिक्विड उडू देऊ नका, चामडी भाजल्यासारखी होते.

आता डबा. रिंगा नायट्राइलच्या (एक प्रकारचं रबर), ७० शोअर (हे कडकपणाचं माप), आणि प्रोपेनला किंवा १३४ए गॅसला (बऱ्याच गाड्यांच्या एसीतला तोच) नायट्राइल चालतं. आउटपुट व्हॉल्व्हच्या बाहेरच्या रिंगसाठी डब्यात बहुतेक वेळा जुळणारी साइज सापडते आणि फिनिशिंगही चांगली आहे, जोडाची रेघ नखाला लागत नाही. अडचण जाडीची. सगळ्यात बारीक रिंग १.५ मिलिमीटर जाडीची, आणि फिल व्हॉल्व्हच्या आतल्या रिंगा यापेक्षा बारीक असतात, १ मिलिमीटरच्या आसपास. तिथे जाड रिंग कोंबली की व्हॉल्व्हची पिन अडकते आणि गॅस भरताच येत नाही. जपानी मॅगझिनांत अजून वेगळं, त्यांच्या पी सिरीजच्या छोट्या रिंगा १.९ च्या, डब्यातल्या २ मिलिमीटरवाल्या जवळपास बसतात पण खाच तंग असेल तर चिमटतात.

सीओटू (कार्बन डायऑक्साइड) मॅगझिन असेल तर हा डबा विसरा. ग्रीन गॅसचा दाब २० डिग्रीला साधारण ८ बार, ४० ला १३ च्या आसपास, पण १२ ग्रॅमच्या सीओटू कॅप्सूलमध्ये २० डिग्रीलाच ५६-५७ बार असतो. वरून सीओटू नायट्राइलमध्ये मुरतो, रिंग फुगते, आणि दाब एकदम सोडला की रबरात फोड येतात. तिथे पॉलीयुरेथेन लागतं, ९० शोअरचं.

हे पॉलीयुरेथेन आणि १ मिलिमीटरवाल्या बारीक रिंगा मला सियागंजमधल्या ऑइल सील-बेअरिंगच्या एका जुन्या दुकानात मिळाल्या, आणि या रिव्ह्यूत सगळ्यात जास्त मार्क मी त्या काकांना देईन. जुनी रिंग काउंटरवर ठेवली तर त्यांनी आधी तिला हातच लावला नाही, विचारलं, "भिया, गॅस में लगेगी के तेल में?" मग व्हर्नियरने खाच मोजली, रिंग नाही, कारण वापरलेली रिंग दबून चपटी झालेली असते, तिचं माप खोटं. सुट्या रिंगा चिल्लर पैशांत. दुपारी गर्दीत जाऊ नका, सकाळी दुकान उघडताना गेलात तर निवांत बोलतात, आणि मॅगझिन सोबत नेण्यापेक्षा सुटा व्हॉल्व्ह न्या.

बेसची गॅस्केट गोल नसते, त्या खाचेच्या आकाराची असते, म्हणून डब्यातलं काहीच तिथे बसत नाही. ओरिजिनल मिळाली तर तीच लावा. नाही मिळाली तर त्याच दुकानात नायट्राइलची ओ-रिंग कॉर्ड मीटरवर मिळते, खाचेच्या मापाची तिरपी कापून फेविक्विकने जोडायची, जोड सरळ कडेला ठेवायचा, कोपऱ्यावर नाही. माझ्या मॅगझिनमध्ये ती व्यवस्थित धरून आहे, पण ग्रीन गॅसवर, सीओटूला हा जुगाड अजिबात करू नका.

व्हॉल्व्ह खोलायला दोन दातांची चावी लागते, जुन्या चपट्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला मधोमध खाच घासून घेतली तरी चालते. जुनी रिंग सुईने उकरू नका, लाकडी टूथपिक वापरा, खाचेत ओरखडा पडला तर कुठलीच रिंग तो बुजवणार नाही. टेफलॉन टेप मला पटत नाही, इथे सील रिंग करते, आटे नाही, आणि टेपचे तुकडे आत जाऊन व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकतात. व्हॉल्व्ह पितळेचा आणि मॅगझिनची बॉडी नरम धातूची, तेव्हा घट्ट म्हणजे हाताने घट्ट, जोर लावला की आटे गेले.

काम झाल्यावर मॅगझिनमध्ये थोडा गॅस ठेवूनच कपाटात ठेवा म्हणजे रिंगा जागेवर दाबलेल्या राहतात, आणि उन्हाळ्यात भरलेलं मॅगझिन गाडीत सोडून जाऊ नका.