टायगर बार्ब की रोझी? ग्वाल्हेरकरांनी आधी जानेवारी आठवावा

माशांच्या दुकानात टायगर बार्ब समोर असताना रोझी बार्बकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि त्यात गैर काही नाही. पिवळसर अंगावर चार काळे पट्टे, परांना लाल कड, आणि दिवसभर एकमेकांच्या मागे पळापळ. शेजारच्या टाकीतले रोझी त्या वयात फिके, रुपेरी. शेपटीच्या अलीकडे एक काळा ठिपका, एवढीच काय ती ओळख. दुकानदारही ते आपणहून दाखवत नाही. मी दोन्ही पाळले आहेत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी सध्या रोझी आहेत, पण टायगरला नावं ठेवायला बसलेलो नाही.

पर कुरतडण्याबद्दल टायगर बदनाम आहेच. माझ्या मते ते जरा वाढवून सांगितलं जातं. आठ-दहांचा घोळका असला की त्यांची भांडणं बहुतेक आपसातच मिटतात. एंजल, गप्पी, फायटर अशा लांब परांच्या माशांच्या वाटेला त्यांना जाऊ दिलं नाही की झालं. आराम करताना ते डोकं खाली करून तिरके तरंगतात. घरी आलेले पाहुणे हमखास म्हणतात, ‘अहो, तुमचा मासा गेला वाटतं!’ हे सगळं चालवून घेता येतं, किंबहुना त्यातच मजा आहे.

मला नडला तो हीटर.

टायगर मूळचा सुमात्रा-बोर्निओकडचा. त्याला २३ ते २६ अंश पाणी बारा महिने हवं, आणि त्याहूनही जास्त म्हणजे ते स्थिर हवं. ग्वाल्हेरच्या जानेवारीत, धुकं दुपारपर्यंत हलत नाही तेव्हा, हीटर जवळजवळ रात्रभर चालू राहतो. मधेच लाइट जाते. इन्व्हर्टरवर हीटर टाकला की घरचे विचारतात, मग पंप आणि दिवे कशावर चालवायचे? पहाटे काचेला हात लावला की गार लागते, आणि मग चार-पाच दिवसांत कुणाच्या तरी शेपटीवर मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका दिसतो. त्या रोगावरचा नेहमीचा उपाय काय, तर पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत चढवा. म्हणजे पुन्हा हीटर, पुन्हा लाइट. त्यात लग्नसराईत गावाला जायचं असलं तर शेजारच्या काकूंना किल्लीबरोबर थर्मामीटर वाचायलाही शिकवावं लागतं. मासे तसे सहसा मरत नाहीत, हे कबूल. पण दर हिवाळ्यात ही रात्रपाळी कोण करणार?

रोझी आपल्याच इकडचा. निसर्ग अभ्यासक फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांबरोबर त्याची नोंद केली, आणि ग्वाल्हेरच्या नद्याही शेवटी सिंध-यमुनेवाटे गंगेलाच मिळतात. १८ ते २२ अंशांत तो खूश असतो. आमची टाकी आतल्या खोलीत आहे, तीन बाजूंनी थर्माकोल, वर झाकण. पाणी १६ पर्यंत उतरलं की मासे मंदावतात, तेव्हा मी खाणं निम्म्यावर आणतो. अगदी कडाक्याच्या रात्रींसाठी हीटर आहेच, पण लाइट गेली म्हणून झोप मोडत नाही.

मे महिन्यात मात्र पारडं फिरतं. ४४-४५ अंशांच्या दिवसांत टायगर बराच निभावून नेतो, रोझी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडतो. कूलर असलेल्या खोलीत टाकी ठेवता येत नसेल, तर माझा सल्ला कदाचित तुमच्या उपयोगाचा नाही. कूलरची हवा, झाकण काढून वर जाळी, हवेचा पंप जोरात, एवढ्यावर आमचं भागतं.

दुसरी तक्रार झाडांची. कोवळी, बारीक पानांची झाडं रोझी शिल्लक ठेवत नाही. जावा फर्न, अनुबियस अशी चिवट पानांची लावा. उलट दोऱ्यासारखं शेवाळ तो आवडीने खातो, त्यामुळे काच आणि दगड मला कमी घासावे लागतात.

आणि रंगाचं म्हणाल तर थोडं थांबा. वाढ पूर्ण झाल्यावर, पाणी बदललेल्या सकाळी नर पोटापासून पाठीपर्यंत तांबूस लाल होतो आणि काळ्या टोकांचे पर ताणून मादीभोवती गोल फिरतो. असं दृश्य टायगरमध्ये मला तरी दिसलेलं नाही. फक्त घेताना सात-आठ घ्या आणि माद्या जास्त ठेवा, नाहीतर नर त्यांना दमवून टाकतात. दुकानात असतात त्या लहान वयात नर-मादी नीट ओळखू येत नाहीत, तेव्हा अंगाने भरलेले, सोनेरी झाक असलेले तीन-चार मुद्दाम निवडून मागा.

तरीही टायगरच मनात भरले असतील तर १०० वॅटचा एक हीटर घेण्यापेक्षा ५०-५० चे दोन लावा. एक चालूच अडकला तरी पाणी एकदम तापत नाही, आणि एक बंद पडला तरी दुसरा सकाळपर्यंत धरून ठेवतो. इन्व्हर्टरवर ते किती तास चालतील, हे मासे आणण्याआधीच बघून घ्या.